रॉसकॉमनची कबर: राजा एका काळातला, पहारेकरी दुसऱ्याच

आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनाक्ट प्रांतातल्या रॉसकॉमन गावात डॉमिनिकन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाचे एक चर्च छपराविना उभे आहे. कॉनाक्टचा राजा फेलिम ओ'कॉनर याने हा मठ १२५३ मध्ये स्थापन केला. १२६५ मध्ये तो वारला आणि इथेच त्याला पुरले. वेदीकडच्या भागात, उत्तरेच्या भिंतीतल्या कोनाड्यात त्याची शयनमूर्ती आहे: लांब झगा, हातात राजदंड. मूर्तीच्या खाली, चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला आठ सैनिक रांगेने कोरलेले आहेत. डोक्यावर टोकदार शिरस्त्राण, गळ्यापासून खांद्यापर्यंत कड्यांच्या चिलखताची झूल. सात जणांकडे तलवारी आहेत, एकाकडे कुऱ्हाड. हे गॅलोग्लास, म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवरून आलेले भाडोत्री पायदळ.

आता या कबरीची तारीख काय लिहायची? नोंदवहीत त्यासाठी रकाना एकच असतो. इथले दगड मात्र एका काळातले नाहीत.

घोटाळा होतो तो एका चपखल योगायोगामुळे. १२५९ मध्ये फेलिमच्या मुलाचे, एडचे लग्न बेटांवरच्या मॅक रोरी घराण्यातल्या मुलीशी झाले आणि तिच्याबरोबर १६० गॅलोग्लास आंदण आले. आयर्लंडच्या इतिहासात गॅलोग्लास सैनिकांचा हा अगदी सुरुवातीचा उल्लेख. मग बापाच्या कबरीवर मुलाचे सैनिक कोरले असणार, असे कोणालाही वाटेल. वर्णनांत "राजा आणि त्याचे अंगरक्षक" अशी जोडी सहज जुळवली जाते. गोष्ट छान आहे, पण दगड तिला साथ देत नाहीत.

आधी मूर्ती पाहू. अभ्यासक तिचा काळ साधारण १२९० ते १३०० असा धरतात. म्हणजे मूर्तीसुद्धा राजाच्या मृत्यूनंतर पंचवीस ते पस्तीस वर्षांनी घडलेली. यात नवल काही नाही. मृत्यूचे वर्ष आणि दगडाचे वर्ष एकच धरणे ही या विषयातली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. वारसाच्या हाती पैसा यावा लागतो, गादीचा वाद मिटावा लागतो, कारागीर मिळावा लागतो. उलटही घडते, धनी जिवंत असतानाच कबर घडवून ठेवली जाते. गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश राजाची अशी मूर्ती मुळात दुर्मीळ. दुसरे नाव चटकन आठवते ते क्लेअर परगण्यातल्या कॉर्कमरोच्या मठातल्या कॉनर ओ'ब्रायनचे. तो १२६८ मध्ये लढाईत पडला. दोन्ही राजे चिलखतात नाहीत, झग्यात आहेत. इंग्लंडमधून येऊन वसलेले अँग्लो-नॉर्मन सरदार स्वतःला ढाल-तलवारीसह कोरून घेत होते, त्याच काळात हे दोघे राजदंड घेऊन झोपले आहेत. ही निवड जाणूनबुजून केलेली दिसते. आपण कोणाचे मांडलिक नाही, राजे आहोत, हे दगडात सांगून ठेवायचे होते.

मूर्तीनंतर आयर्लंडच्या कबरशिल्पात मोठा खंड पडतो. १३१५ ते १३१८ स्कॉटलंडच्या राजाचा भाऊ एडवर्ड ब्रूस याची स्वारी आणि त्यातच दुष्काळ, १३४८-४९ मध्ये प्लेग, नंतर इंग्रज वसाहतीची पीछेहाट. साधारण १३५० ते १४५० या शंभर वर्षांत शयनमूर्ती घडवणे जवळजवळ बंद पडले. कारखाने मोडले की उस्तादाकडून चेल्याकडे जाणारी कला तुटते. १४५० च्या आसपास काम पुन्हा सुरू झाले ते वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या वळणाने: डब्लिनभोवतीच्या इंग्रजी पट्ट्यात प्लंकेट घराण्याच्या कबरी, किलकेनी-टिपरेरीत बटलर घराण्याच्या छायेखालचा ऑरमंड संप्रदाय, आणि पश्चिमेला स्ट्रेड, किलकॉनेल यांसारख्या मठांतले जाळीदार कमानींचे काम. रॉसकॉमनचे आठ सैनिक याच पुनरुज्जीवनातले, पंधराव्या शतकातले. मठाची मोठी दुरुस्तीही १४५३ च्या सुमाराची आहे.

सैनिकांचा काळ ठरवताना चिलखत हा पहिला पुरावा, आणि फसवाही तोच. टोकदार शिरस्त्राण, ज्याला बॅसिनेट म्हणतात, इंग्लंड-फ्रान्समध्ये चौदाव्या शतकात रुळले आणि पंधराव्याच्या मध्यापर्यंत मागे पडले. ही तारीख आयर्लंडला जशीच्या तशी लावली तर सैनिक पन्नास-साठ वर्षांनी जुने ठरतील. आयर्लंडमध्ये बॅसिनेट आणि कड्यांची गळझूल सोळाव्या शतकातही वापरात होती. जर्मन चित्रकार ड्युररने १५२१ मध्ये आयरिश सैनिकांचे चित्र काढले, त्यातही टोकदार शिरस्त्राण आहे. ऑरमंड भागातल्या सोळाव्या शतकातल्या बटलर सरदारांच्या मूर्ती अशाच "जुन्या" चिलखतात निजल्या आहेत. म्हणून नियम असा ठेवायचा: चिलखतावरून "याच्या आधीचे नाही" एवढेच म्हणता येते, "याच्या नंतरचे नाही" म्हणता येत नाही. पण आपल्या प्रश्नाला तेवढेही पुरते. १२६५ मध्ये वारलेल्या राजाच्या मूळ कबरीवर हे शिरस्त्राण येऊच शकत नाही.

तलवारींचाही विचार हवा. गॅलोग्लास म्हटले की लांब दांड्याची कुऱ्हाड डोळ्यांपुढे येते, आणि इथे ती आठांत एकाकडेच आहे. याचा अर्थ कारागिराला सैनिक ठाऊक नव्हते असा नाही. कोरीव कामात तलवार सोयीची पडते. ती अंगालगत सरळ उभी राहते, चौकटीत मावते, मोडत नाही. कुऱ्हाडीचे पाते बाजूला पसरते आणि शेजारच्या चौकटीत घुसते.

इतर चौथऱ्यांवर या जागी कोण असते ते पाहिले की रॉसकॉमनचे वेगळेपण कळते. ऑरमंड संप्रदायात मृताभोवती ख्रिस्ताचे शिष्य आणि संत उभे असतात, प्रत्येकाच्या हाती ओळखीची खूण: पीटरची किल्ली, अँड्र्यूचा तिरपा क्रूस, बार्थोलोम्यूची सुरी, कॅथरीनचे चाक. खूण वाचली की नाव मिळते. हातच तुटला असेल तर मात्र शेजाऱ्यांवरून अंदाज करावा लागतो. किलकूलीच्या सिस्टर्शियन मठात पियर्स फिट्झ जेम्स ओग बटलरची १५२६ ची कबर आहे, तिच्यावर रॉरी ओ'टनी या कारागिराने स्वतःचे नाव कोरले आहे. जरपॉइंटच्या मठातही त्याचे काम आहे. मध्ययुगीन आयरिश पाथरवटाचे नाव मिळणे इतके विरळा की या एका सहीच्या आधारावर आजूबाजूच्या कितीतरी कबरींची गटवारी झाली. रॉसकॉमनच्या सैनिकांवर सही नाही, खुणाही नाहीत. आठ माणसे, चेहरे जवळजवळ एकसारखे.

हे काम होत कसे असे, ते समजल्याशिवाय पुढची तपासणी नीट करता येत नाही. आयर्लंडचा मध्य भाग चुनखडीचा. खाणीत दगडाचे थर आडवे असतात आणि थराच्या जाडीवर शिळेची जाडी ठरते. पाचरी ठोकून शिळा सुटी करायची, वरचा तळ सपाट करायचा, मग दोरी आणि कर्कटकाने चौकटी आखायच्या. कमानींसाठी लाकडी फर्मा वापरत. एकाच फर्म्यावरून काढलेल्या कमानी मिलिमीटरच्या हिशेबात जुळतात, म्हणून कमानीची रुंदी आणि वळण मोजणे हा कारखाना ओळखण्याचा फार भरवशाचा मार्ग आहे. त्यानंतर टोकदार टाकीने पार्श्वभूमी खोल करायची, साधारण चार ते सहा सेंटीमीटर, दातेरी छिन्नीने आकार काढायचा आणि सपाट छिन्नीने चेहरे, हात, घड्या पुऱ्या करायच्या. चुनखडी घट्ट असते. वालुकाश्मासारखी ती खोल आणि मोकळी कापली जात नाही. म्हणून या काळच्या आयरिश मूर्तींत वस्त्राच्या घड्या उथळ, रेघांसारख्या दिसतात. काही जण याला अडाणीपणा म्हणतात. तो दगडाचा स्वभाव आहे.

चिलखताच्या कड्या जवळून पाहाव्यात. प्रत्येक कडी कोरली तर एका सैनिकाला आठवडे लागतील. कारागीर आडव्या ओळी आखतो आणि प्रत्येक ओळीत छिन्नीच्या कोपऱ्याने चंद्रकोरीसारखे टवके काढत जातो. एका ओळीत कोर डावीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडे. लांबून पाहणाऱ्याला कड्या दिसतात. कामगार बदलला की टवक्याचे माप आणि कल बदलतो. म्हणून चौथऱ्याच्या एकाच दर्शनी पट्टीवर किती हातांनी काम केले याचा माग चेहऱ्यांपेक्षा कड्यांवरून चांगला लागतो. चेहरा उस्ताद घडवतो, कड्या पोरे करतात.

आता वजने. चौथऱ्यावरची मूर्तीची शिळा २ मीटर लांब, ७५ सेंटीमीटर रुंद, २५ सेंटीमीटर जाड धरली तर आकारमान ०.३७५ घनमीटर होते. चुनखडीचा घनमीटर सुमारे २.७ टन, म्हणजे शिळा एक टनाच्या आसपास. दर्शनी पट्टी २ मीटर बाय ६५ सेंटीमीटर बाय १५ सेंटीमीटर धरली तर सव्वापाचशे किलो, आणि दोन तुकड्यांत असेल तर प्रत्येकी अडीचशेच्या वर. एवढा तुकडा सहा माणसे पहारी आणि लाकडी ओंडक्यांवर सरकवू शकतात. मूर्तीची शिळा हलवायची तर तिकाटणे आणि कप्पी लागते. मोडलेल्या मठांत मूर्ती सहसा जागेवर सापडतात आणि पट्ट्या भटकतात, त्यामागे दुसरे गूढ काही नाही.

या भटकंतीची मोठी उदाहरणे किलकेनीच्या सेंट कॅनिस कॅथेड्रलमध्ये आहेत. १६५० मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याने तिथे छप्पर, खिडक्यांच्या काचा, घंटा आणि कबरी यांची नासधूस केली. पुढच्या दुरुस्त्यांत मोकळ्या पडलेल्या शिळा सापडतील तशा जोडल्या गेल्या. पियर्स रुआ बटलर वारला १५३९ मध्ये, त्याची बायको मार्गारेट फिट्झजेरल्ड १५४२ मध्ये. त्या दोघांच्या मूर्तींसारख्या प्रसिद्ध मूर्तींखालच्या पट्ट्याही मूळच्याच आहेत असे धरून चालता येत नाही. जरपॉइंटलाही तेच. पडीक मठात स्थानिक लोक आपली माणसे पुरत राहतात, नव्या कबरीसाठी जागा करताना जुन्या शिळा भिंतीला टेकवतात, आणि पुढच्या पिढीला ती मांडणी मूळची वाटते.

रॉसकॉमनबाबत दोन शक्यता उरतात. एक, सैनिकांच्या पट्ट्या पंधराव्या शतकातल्या दुसऱ्याच एका कबरीच्या होत्या आणि पुढे कधीतरी राजाच्या मूर्तीखाली बसवल्या गेल्या. दोन, ओ'कॉनर घराण्याने पंधराव्या शतकात आपल्या पूर्वजाची कबर मुद्दाम नवी करून घेतली. दुसरी शक्यता वाटते तेवढी ओढूनताणून आणलेली नाही. १३८४ मध्ये घराणे फुटले, ओ'कॉनर डॉन आणि ओ'कॉनर रो असे दोन राजे एकाच वेळी गादी सांगू लागले, आणि अशा भांडणात मूळ पुरुषाची कबर हाती असणे उपयोगाचे असते. उत्तरेकडे डंगिव्हनला याला जवळचे उदाहरण आहे. तिथली कबर कूई-ना-गाल ओ'कॅहनच्या नावाने ओळखली जाते. तो १३८५ मध्ये वारला, पण काम पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानले जाते, आणि मूर्तीखाली सहा सैनिक आहेत. म्हणजे जुन्या पूर्वजासाठी उशिरा कबर उभारणे आणि खाली संतांऐवजी सैनिक ठेवणे, दोन्ही गोष्टी त्या काळात घडत होत्या. तरी डंगिव्हनला मूर्ती आणि सैनिक एकाच काळातले आहेत, रॉसकॉमनला नाहीत. माझा कौल पहिल्या शक्यतेला, आणि अभ्यासकांचे सर्वसाधारण मतही तेच आहे: पट्ट्या दुसऱ्या कबरीच्या.

अशा जोडकामाची तपासणी करायची तर सुरुवात मूर्तीपासून करू नये, सांध्यापासून करावी. पंधराव्या शतकातल्या चौथऱ्याच्या वरच्या शिळेला खालच्या कडेने खोबण किंवा तिरपा काप असतो, पट्टीची वरची कड त्यात बसते. शिळा आणि पट्टी यांच्या कडा एकमेकींच्या मापाच्या नसतील, मधे चिपा आणि चुना भरून फट बुजवली असेल, तर शंका पक्की होते. तेराव्या शतकातली शिळा बऱ्याचदा डोक्याकडे रुंद आणि पायाकडे निमुळती असते, कारण ती जमिनीलगत शवपेटीवर झाकण म्हणून बसायची. आयताकृती चौथऱ्यावर ती ठेवली की पायाकडच्या दोन्ही कोपऱ्यांत रिकामी जागा राहते. मग पट्टीची टोके पाहावीत. मूळच्या पट्टीला दोन्ही टोकांना अर्धा खांब किंवा चौकटीची कड असते. टोक मधेच कापलेले असेल, तर पट्टी छोटी करून बसवली आहे. शेवटी चुना. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ चे, तेव्हा सांध्यात करडे, कडक सिमेंट दिसले तर निदान तो सांधा तरी त्याच्या नंतरचा. १८६९ च्या कायद्याने आयर्लंडचे अँग्लिकन चर्च सरकारपासून वेगळे झाले आणि अनेक पडके मठ सरकारी बांधकाम खात्याच्या ताब्यात आले. बऱ्याच कबरींची आजची मांडणी त्यानंतरच्या दुरुस्त्यांची आहे.

कोरीव काम वाचायला दुपारचे ऊन निरुपयोगी. अंधार पडल्यावर एकाच दिव्याचा झोत पृष्ठभागाला दहा-पंधरा अंशांच्या कोनात लावला की झिजलेल्या कड्या उठून दिसतात. झोत चारही बाजूंनी फिरवावा, कारण रेघेच्या दिशेनेच प्रकाश आला तर ती दिसत नाही. त्रिमितीय नोंदीसाठी छायाचित्रे ढगाळ हवेत घ्यावीत, प्रत्येक चित्र आधीच्यावर निदान दोनतृतीयांश चढलेले असावे, मापपट्टी चौकटीत ठेवावी. खोल कोनाड्यात वरच्या कोपऱ्याची चित्रे हमखास कमी पडतात आणि प्रतिकृतीला तिथेच भोक पडते, म्हणून तो कोपरा आधी घ्यावा.

झिजेवरून वय काढणे हा आणखी एक सापळा. मूर्ती गुळगुळीत आणि सैनिक ठळक, म्हणून मूर्ती जुनी, असा तर्क कोणी केला तर निष्कर्ष बरोबर आला तरी तर्क चूक आहे. आडव्या मूर्तीवर पाणी साचते आणि पावसातले सौम्य आम्ल चुनखडी विरघळवते. उभ्या पट्टीवरून पाणी निथळून जाते. उलट पट्टी थराला समांतर कापलेली आणि उभी लावलेली असते, म्हणून दगडात मातीची पातळ रेघ असेल तर तिचा पापुद्रा सुटतो आणि अख्खा चेहरा एका हिवाळ्यात जातो. कोनाड्याच्या आडोशाला पाऊस पोचत नाही तिथे काळपट जिप्समची खपली धरते आणि तिच्याखालचा दगड भुसभुशीत होतो. एकाच कबरीवर हे तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी असू शकतात, सगळे दगड एकाच दिवशी बसवलेले असले तरी.

सर्वांत वाईट नुकसान लोखंडाने होते. पट्ट्या एकमेकींना धरून ठेवायला लोखंडी आकडे शिशात बसवत. शिसे शाबूत असेतो आकडा टिकतो. पाणी आत गेले की गंज फुगतो, मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, आणि पट्टीचा कोपरा तिरपा उडतो. बाहेरून तपकिरी ओघळ दिसायला लागला की आतले काम बरेच पुढे गेलेले असते. दुरुस्तीत तिथे स्टेनलेस पोलाद घालतात आणि सांधा चुन्याने भरतात. सिमेंट भरले तर दगडातला ओलावा सांध्यातून बाहेर पडायचा तो दगडाच्या तोंडातून पडतो, क्षार घेऊन, आणि सांधा शाबूत राहून कड झडते. दगडफुले घाईने खरवडू नयेत. त्यांची मुळे कड्यांच्या टवक्यांत घुसलेली असतात आणि तारेचा ब्रश दोन्ही एकदम घेऊन जातो. आम्लाने धुण्याचा तर विचारही करू नये, चुनखडीवर ते फेसाळते तेव्हा फेसात मूर्तीच जात असते.

नोंद करायची ती चार ओळींत करावी. मठ आणि राजा: स्थापना १२५३, दफन १२६५. शयनमूर्ती: चुनखडी, सुमारे १२९० ते १३००. चौथऱ्याची दर्शनी बाजू: आठ गॅलोग्लास, पंधरावे शतक, दुसऱ्या कबरीवरून आणलेली मानतात. चौथी ओळ सांध्यांच्या सध्याच्या स्थितीची, छायाचित्राच्या तारखेसह. एका रकान्यात हे मावत नसेल तर रकाना मोठा करावा.